मेणबत्तीवर सहा व्याख्यानं

गेल्या शुक्रवारी ऑफिसात माझी फजिती झाली. म्हणजे तसं कोणी काही बोललं नाही, शेवटी टाळ्याबिळ्याही वाजवल्या. पण आपलं आपल्याला कळतंच ना.

तर झालं असं. आमच्याकडे महिन्यातून एकदा, शुक्रवारी जेवणानंतर, 'नॉलेज शेअरिंग' नावाचा एक प्रकार असतो. कोणीतरी उठून आपण केलेल्या कामाबद्दल बोलायचं आणि बाकीच्यांनी पोटातली डाळखिचडी सांभाळत ऐकायचं. या वेळी नंबर माझा होता. विषय म्हणाल तर माझ्या हातचा मळ. जुना डेटाबेस आम्ही क्लाउडवर कसा हलवला, सहा महिने त्यातच गेलेले. ३२ स्लाइड्स केल्या होत्या. बाण, चौकोन, ढगाची चित्रं, सगळं जागच्या जागी. दहाव्या मिनिटाला पहिली मान खाली गेली. टेबलाखाली मोबाईल धरला की माणूस प्रार्थनेला बसल्यासारखा दिसतो. विसाव्या मिनिटापर्यंत अख्खी कॉन्फरन्स रूम प्रार्थनेला बसली होती. मीही मग उरलेल्या स्लाइड्स पळवत नेल्या, कारण खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही कंटाळा आला होता.

माझ्यानंतर टेस्टिंग टीममधली एक मुलगी बोलायला उभी राहिली. एरवी फारशी बोलत नाही. तिचा विषय होता 'जन्मतारखेचा एक बग', स्लाइड एकच आणि वेळ पंधरा मिनिटं. बोलली पाऊण तास. बाहेर चहा येऊन गार झाला तरी कोणी उठलं नाही, आणि आमच्याकडे चहा सोडून कोणी बसून राहणं ही साधी गोष्ट नाही.

बग असा होता. आमचा एक क्लायंट पेन्शनचं काम बघतो. त्याच्या यादीतल्या काही म्हाताऱ्या लोकांची जन्मतारीख स्क्रीनवर एक दिवस अलीकडची दिसत होती. सगळ्यांची नाही, फक्त काहींची. तिने ती नावं वेगळी काढली, जन्मतारखेप्रमाणे लावली आणि तिच्या लक्षात आलं की चुकलेला प्रत्येक माणूस सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात जन्मलेला आहे. त्याच्या आधीचे सगळे बरोबर, नंतरचेही सगळे बरोबर.

आता १९४२ म्हटल्यावर आपल्याला चलेजाव आठवतं. पण चलेजावचा आणि आमच्या प्रोग्रॅमचा काय संबंध? तिने शोधून काढलं. दुसऱ्या महायुद्धात या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. म्हणजे आपण आज जीएमटीच्या साडेपाच तास पुढे आहोत, तेव्हा साडेसहा तास पुढे होतो. आमचा जो प्रोग्रॅम तारीख साठवतो त्याला हे ठाऊक होतं. त्याने रात्री बाराच्या ठोक्यातून इमानदारीत साडेसहा तास वजा केले. जो प्रोग्रॅम तारीख दाखवतो तो आमच्यापैकीच कोणीतरी घाईत लिहिलेला. त्यात सरळ साडेपाच मिळवलेले. एक तास कमी पडला, रात्रीच्या बाराचे आदल्या रात्रीचे अकरा वाजले आणि एक आजोबा एक दिवस आधी जन्मले!

इथपर्यंत कोणीही चांगला टेस्टर पोचला असता. पण ती थांबली नाही. त्या पहिल्या प्रोग्रॅमला महायुद्धाबद्दल सांगितलं कोणी, हा तिचा पुढचा प्रश्न. आणि तिथून तिला सापडली टाइमझोनची फाइल.

ही फाइल तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या खिशात आहे. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स, जावा, सगळे जण जगातल्या कुठल्या गावी कुठल्या वर्षी किती वाजले होते हे याच एका डेटाबेसला विचारतात. आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या माणसाने १९८० च्या दशकात हे काम सुरू केलं. पुढे पॉल एगर्ट आणि जगभरातले अनेक हौशी लोक ते सांभाळत आले. म्हटलं तर निव्वळ आकड्यांचं कोष्टक. अमुक तारखेपासून अमुक तास, तमुक मिनिटं. याच्याइतकं रटाळ वाचन टेलिफोन डिरेक्टरीनंतर हेच. पण ती साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. आकड्यांच्या मध्ये मध्ये भरपूर कॉमेंट्स आहेत आणि त्या कॉमेंट्स म्हणजे गोष्टी आहेत. कोणी कुठल्या वर्तमानपत्राचं जुनं कात्रण दिलंय, कोणी सरकारी हुकमातली चूक दाखवलीय, कोणी त्या चुकीतली चूक दाखवलीय. नेपाळ १९८६ साली आपल्या वेळेच्या पंधरा मिनिटं पुढे गेला. सामोआ या बेटांवरच्या देशाने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच कॅलेंडरमधून गाळला. २९ तारखेला झोपलेले लोक उठले ते ३१ ला. हे सगळं त्यात आहे. या मंडळींनी वेळ या विषयावरचे सिनेमे, गाणी, पुस्तकं यांचीही एक यादी करून ठेवली आहे, स्टारबिर देऊन. कुठल्याही कॉम्प्युटरला त्या यादीची गरज नाही.

आणि भारताच्या भागात आपली मुंबई आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. ही ३९ मिनिटं मुंबईने सुखासुखी सोडली नाहीत. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगार याविरुद्ध रस्त्यावर आले, दंगा झाला. आपल्याला वाटेल घड्याळासाठी कोणी दंगा करतं का? पण हिशेब करा. घड्याळात सहा वाजता भोंगा होतो तो सहालाच होणार, पण सूर्याच्या हिशेबाने कामगार ३९ मिनिटं लवकर गिरणीच्या दारात उभा. त्याच्या झोपेतली ३९ मिनिटं गेली. वर्तमानपत्रांनी या भांडणाला घड्याळांची लढाई म्हटलं आणि ती जवळपास अर्धं शतक चालली. या दंग्याचा उल्लेख एका लेखातला उतारा देऊन त्या फाइलमध्ये केलेला आहे, जी फाइल फोनला फक्त '५:३०' एवढंच सांगण्यासाठी आहे.

हे सगळं ती सांगत होती तेव्हा हात हलवत होती, मध्येच वाक्य अर्धवट सोडून दुसरंच सांगायला लागत होती, 'थांबा, त्याच्या आधी हे सांगायला हवं' म्हणून मागे जात होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद झाली असती. आणि खोलीतला एकही माणूस खाली बघत नव्हता.

घरी येताना मी स्वतःची समजूत काढली की बाबा रे, तिचा विषयच भारी होता. डेटाबेस हलवण्यात कुठे आलंय महायुद्ध आणि गिरणी कामगार? सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ही समजूत पंधरा मिनिटं टिकली. मग आठवलं की तो बग सगळ्यात आधी माझ्याकडे आला होता. तिकीट माझ्या नावावर पडलेलं. मी त्यावर काय लिहिलं ते सोमवारी जाऊन मुद्दाम पाहिलं. 'टाइमझोन इश्यू. लो प्रायॉरिटी.' एवढंच. दीड ओळीत मी महायुद्ध, मुंबई आणि सामोआ, सगळ्यांना पुढे ढकलून मोकळा झालो होतो.

म्हणजे विषय तोच होता.

मला हल्ली वाटायला लागलंय की 'रटाळ विषय' असं काही नसतंच. (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विषय सोडून. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.) पण हे नुसतं बोलून सोडण्यात अर्थ नाही, पुरावा पाहिजे. तर माझ्याकडचा सगळ्यात जबरदस्त पुरावा म्हणजे मेणबत्ती.

मायकेल फॅरडे आपल्याला माहीत असतो तो बारावीच्या फिजिक्सपुरता. १८३१ सालचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध, ज्याच्या जोरावर आजची जवळपास सगळी वीज तयार होते. लोहाराचा मुलगा. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करता करता तीच पुस्तकं वाचून शिकला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, त्याची टिपणं काढून, स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि पुढच्या वर्षी त्याच्याच हाताखाली नोकरीला लागला. तर हा फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं द्यायचा. १८६० च्या हिवाळ्यात, म्हणजे स्वतः एकोणसत्तर वर्षांचा असताना, त्याने सहा व्याख्यानं दिली. विषय एकच. मेणबत्ती. पुढच्या वर्षी विल्यम क्रुक्सने त्यांचं पुस्तक काढलं, ते आज नेटवर फुकट मिळतं.

सहा व्याख्यानं! ज्या माणसाच्या खिशात जनरेटरचं तत्त्व होतं तो मेणबत्तीवर सहा व्याख्यानं देतो. आणि हा विषय त्याने पहिल्यांदाच घेतला होता असंही नाही, १८४८ मध्येही घेतला होता. म्हणजे बारा वर्षांत कंटाळा आला नव्हता.

मी हे पुस्तक उघडलं ते पाच मिनिटं चाळावं म्हणून. सुरुवातीला तो नुसत्या वेगवेगळ्या मेणबत्त्या दाखवतो. त्यात एक १७८२ साली बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' जहाजातून वर काढलेली. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात पडून तडकलेली, पण पेटवली तर नीट जळते. मग तो विचारतो की मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची ती छोटीशी वाटी कशी तयार होते? मी आयुष्यात हजारदा पाहिलीय ती वाटी, लोडशेडिंगच्या काळात वाढलेला माणूस आहे मी. एकदाही मनात आलं नाही. कारण असं की ज्योतीची गरम हवा वर जाते, तिच्या जागी बाजूने गार हवा वर चढत येते, ती मेणाच्या कडेला गार ठेवते, म्हणून मधलं मेण वितळतं आणि कड उभी राहते. याच कारणाने दिसायला छान नक्षीदार, खाचांच्या मेणबत्त्या जळायला एकदम भिकार, त्यांची कड सगळीकडे सारखी राहत नाही आणि मेण ओघळतं. मग ते मेण वातीतून वर कसं चढतं? यावर तो मुलांना टॉवेलचं उदाहरण देतो. हात धुऊन टॉवेलचं एक टोक पाण्याच्या भांड्यात आणि दुसरं बाहेर लोंबकळत ठेवलंत की सगळं पाणी जमिनीवर येतं ना, आई ओरडते ना, तसंच.

मग विझवलेल्या मेणबत्तीचा धूर. त्या धुराला वरूनच, दोन-तीन इंचांवरून काडी लावली तर ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात परत पेटवते. हे वाचून मी रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधून मेणबत्ती काढली. तिसऱ्या प्रयत्नात जमलं, दुसऱ्या प्रयत्नात बोट भाजलं. मग त्याने सांगितलेलं आणखी एक. उन्हात पेटती मेणबत्ती धरून मागच्या कागदावर ज्योतीची सावली बघायची. ज्योतीला सावली? आहे. आणि गंमत म्हणजे ज्योतीचा जो भाग सगळ्यात जास्त उजळ, त्याचीच सावली सगळ्यात गडद. कारण ज्योतीचा उजेड म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापून चमकणारे कण, आणि तेच कण उन्हाला अडवतात. बाल्कनीत मेणबत्ती घेऊन उभा असलेला मला पाहून समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी कोणाचा तरी वाढदिवस असावा असा चेहरा केला.

शेवटच्या व्याख्यानात तो मेणबत्तीवरून माणसाच्या श्वासापर्यंत येतो. आपणही ऑक्सिजन घेतो, कार्बन जाळतो, तेच वायू बाहेर टाकतो. मी एकेका बैठकीत दोन-दोन व्याख्यानं वाचली.

आता कोणी म्हणेल की फॅरडे जीनियस होता, म्हणून जमलं. मला नाही पटत. जीनियस लोकांची झोप आणणारी पुस्तकं माझ्या कपाटात पुरेशी आहेत. फॅरडेने बोलणं सुधारावं म्हणून शिकवणी लावली होती, बोलायच्या भरात गाडी सुसाट सुटते म्हणून समोर 'हळू' असं लिहिलेलं कार्ड ठेवायला लावायचा. म्हणजे कष्ट होतेच. पण ते कार्ड कशासाठी लागत होतं ते बघा. गाडी सुटायची म्हणून. माझ्या ३२ स्लाइड्सच्या वेळी कोणी 'हळू' असं कार्ड दाखवायची काही गरज नव्हती.

आपल्याकडेही हेच दिसतं. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. नोकरी करून घरी येता आलं असतं. पण या माणसाने आदिवासींकडून, जुन्या संस्कृत ग्रंथांतून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द मराठीत आणले. मी बगळा आणि कावळा सोडून तिसरा पक्षी ओळखू शकत नाही, तरी त्यांचं जंगलातलं लिखाण वाचताना पहाटेचे दोन वाजलेत. १८ जून २०२५ ला ते गेले तेव्हा माझ्यासारख्या काँक्रीटमधल्या प्राण्यालाही आपल्या घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. अनिल अवचट डॉक्टर, व्यसनमुक्तीचं एवढं मोठं काम, आणि 'छंदांविषयी' हे आख्खं पुस्तक कशावर, तर कागदाच्या घड्या, लाकूड कोरणं, बासरी असल्या गोष्टींवर. शिरीष कणेकर ज्या गाण्यांवर जीव टाकायचे त्यातल्या निम्म्या सिनेमांची नावं मी त्यांच्या लेखांतच पहिल्यांदा वाचली. आणि कणेकर नुसतं कौतुक करायचे असं कुठे होतं? चिडायचे, टोमणे मारायचे, एखाद्या नटाची पार सालं काढायचे. उत्साह म्हणजे सतत गोड बोलणं नव्हे. ज्याला गाण्याचं काही पडलेलं नाही तो वाईट गाण्यावर चिडेल कशाला?

बरं, उलट बाजूही मान्य करतो. उत्साही माणूस भयंकर पकाऊही असतो. माझा एक मित्र सायकलवाला झालाय. त्याला 'काय चाललंय' विचारायची सोय राहिलेली नाही. कार्बन फ्रेम, ग्रॅममध्ये वजन, किती किलोमीटर, किती वेळात. मग हा का पकवतो आणि ती टेस्टिंगवाली का नाही? बरेच दिवस मला याचं उत्तर सापडत नव्हतं. माझा आत्ताचा अंदाज असा की मित्राच्या गोष्टीत सायकल फार कमी असते आणि तो स्वतः फार जास्त. तिच्या गोष्टीत ती नव्हतीच. तिला फक्त एवढंच हवं होतं की आम्ही ते बघावं. एखादं लहान पोर हाताला धरून ओढत नेतं ना, 'चल ना, तिकडे बेडूक आहे', तसं. त्याला स्वतःचं काही सांगायचं नसतं. बेडूक निघून जायच्या आत तुम्ही पोचायला हवं एवढीच घाई.

आणि खोटा उत्साह तर लांबून ओळखू येतो. प्रोफेशनल साइटवर रोज कोणीतरी 'थ्रिल्ड' असतं, कोणीतरी 'सुपर एक्सायटेड'. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा उत्साहाचा आठवडा असतो, टी-शर्ट मिळतात. विशेषणं सगळी असतात, फक्त ३९ मिनिटं नसतात. हल्ली तर एआयला सांगितलं की हजार शब्द अर्ध्या मिनिटात हजर. मी मेणबत्तीवर मागवून पाहिले. व्याकरण चोख, माहितीही ठीक. पण वाचून संपल्यावर मला ड्रॉवरमधून मेणबत्ती काढावीशी वाटली नाही. या बाबतीत मी एआयला नावं ठेवणार नाही, माझ्या ३२ स्लाइड्स मी स्वतःच्या हाताने केल्या होत्या.

असो. हे सगळं इतकं का लागलं, ते खरं तर अजून सांगितलेलंच नाही.

माझे बाबा पीडब्ल्यूडीत होते. रस्ते, मोऱ्या आणि मुख्य म्हणजे पूल. लहानपणी एसटीने कुठेही निघालो की बाबा पुलावर डोळे मिटायचे. गाडी पुलावरच्या सांध्यांवरून जाताना 'धडक्-धडक्' असा आवाज येतो ना, तो मोजायचे आणि पूल संपला की सांगायचे, 'सात गाळ्यांचा'. मी खिडकीतून मागे वळून खांब मोजायचो. कधी चुकले नाहीत. मग सांगायचे की सांध्यात फट मुद्दाम ठेवलेली असते. काँक्रीट उन्हात वाढतं. तीस मीटरचा गाळा तीस अंश तापला तर एक सेंटिमीटरच्या आसपास लांब होतो. फट ठेवली नाही तर पूल स्वतःच्याच वाढीने स्वतःला ढकलतो. 'पूल हलतो म्हणून टिकतो,' असं ते म्हणायचे, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणायचे. पाहुणे बिचारे पोहे खात माना डोलवायचे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला माझे चार मित्र साताऱ्याला घरी आले होते. जेवताना बाबांनी पूल काढला. सांध्यावरून ते बेअरिंगवर आले, ताटातली पोळी घडी करून दाखवायला लागले. मित्र ऐकत होते, चांगले ऐकत होते असं आता आठवतं. पण मला लाज वाटली. मी म्हणालो, "बाबा, पुरे ना आता. कोणाला इंटरेस्ट नाहीये." ते हसले. "बरं बरं, जेवा तुम्ही," म्हणाले, आणि ती पोळी उलगडून खाल्ली.

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर पूल काढला नाही. मी मुंबईहून, पुण्याहून घरी जातो, आम्ही क्रिकेट बोलतो, पेट्रोलचे भाव बोलतो, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. सात-आठ वर्षं झाली. शुक्रवारी ती मुलगी हात हलवून बोलत होती तेव्हा मला ती पोळी आठवली, आणि मग उरलेला वेळ माझं लक्ष दोन्हीकडे होतं.

रविवारी मेणबत्तीचे खेळ झाल्यावर मी घरी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "बाबा, ते पुलाच्या सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून काय घालतात?"

पलीकडे जरा शांतता.

"का रे? काय झालं?"

"काही नाही, असंच. परवा पुलावरून येताना आवाज वेगळा आला."

"कसा वेगळा?"

मी जमेल तसा तोंडाने काढून दाखवला. ते म्हणाले की मग सांध्याचं रबर गेलं असेल, पाणी खाली बेअरिंगवर उतरत असेल. आणि मग, "जाऊ दे, तुला ऑफिसची कामं असतील."

"सुट्टी आहे आज. सांगा ना."

"फोनवर नाही समजायचं ते," बाबा म्हणाले. "कागद लागेल. कधी येतोयस?"

या शनिवारी जातोय. मोठा कागद घेऊन. येताना गाडी पुलावर हळू घे आणि काचा खाली ठेव, असा त्यांचा काल मेसेज आलाय.